माय, जाई आणि मागं जोडलेला ट्रेलर

आमच्या घोडीचं, जाईचं, वजन ३६० किलो. जिनिंगच्या काट्यावर आधी रिकामा ट्रेलर तोलला, मग तिला चढवून तोलला आणि वजाबाकी केली. मागच्या मार्गशीर्षात तिला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला नेलं, तेव्हापासून लोक फोन करतात, बांधावर थांबवून विचारतात, की घोड्याची ती गाडी, म्हणजे ट्रेलर, आत घर केलेल्या बसला जोडली कशी? हूक कुठं मिळाला, वेल्डिंग कुणी केलं, खर्च किती आला, एवढंच विचारतात. वजनाचं अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून मी सुरुवातच तिथून करतो.

आमचं गाव केज तालुक्यात. माझं ट्रॅक्टर-अवजारांच्या वेल्डिंगचं दुकान आहे, आणि त्याच्या आधी नऊ हंगाम मी उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो. बापू, म्हणजे माझे वडील, होते तोवर आमच्या घरी माळेगावचा खंडोबा कधी चुकला नाही. तरुणपणी ते घोडीवर बसून, वाटेत मुक्काम करत जायचे. आता माय ७६ वर्षांची आहे. गुडघे गेलेत, तंबूत खाली झोपणं होत नाही, रात्री दोनदा उठावं लागतं. तिच्यासाठी चार वर्षांपूर्वी एक जुनी मिनीबस घेतली. आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, संडास असं सगळं बसवलं आणि आरटीओत बदल रीतसर नोंदवून घेतला. तुळजापूर झालं, पंढरपूर झालं, गाणगापूर झालं. मग लेकीची घोडी घरात आली. जाई, कुमैत म्हणजे काळसर तांबड्या रंगाची, पंचकल्याण म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली. मागच्या मार्गशीर्षात आज्जी आणि जाई दोघींनी एकाच खेपेत माळेगावला जायचं, असं लेकीनं ठरवलं आणि मी कामाला लागलो.

खरं सांगायचं तर, नुसता घोडा न्यायचा असेल तर नीट तयार केलेली पिकअप सगळ्यात बरी. खाली घसरणार नाही असा तळ, उंच कठडे, बाजूला गादी, चढायला ओटा किंवा बांध. आपल्याकडं बहुतेक घोडी तशीच यात्रेला जातात. जोडलेला ट्रेलर म्हणजे एका स्टेअरिंगवर दोन गाड्या, आणि मागच्या गाडीत चार पायांवर उभा असलेला, रस्ता न दिसणारा जीव. ज्याला हे पेलायचं नसेल त्यानं दोन गाड्या कराव्यात. यात्रेला येणारा ड्रायव्हर मात्र मी एकटाच होतो.

बसमध्ये एक खोड असते. तिच्या मागच्या चाकांच्या पाठीमागं लांब शेपूट असतं, आणि हूक त्या शेपटाच्या टोकाला येतो. पिकअपला किंवा जीपला हूक चाकाच्या जवळ असतो. माझ्या बसमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.३५ मीटर आणि मागच्या चाकापासून हुकापर्यंत २.१ मीटर भरलं. पहारीच्या टोकावर माणूस उभा राहावा तसा ट्रेलरचा भार त्या टोकावर बसतो. ट्रेलर जोडून काट्यावर गेलो तेव्हा पुढच्या ॲक्सलवरचं वजन ८० किलोनं कमी झालं आणि मागच्यावर २०० किलोच्या वर वाढलं. हुकावर मात्र भार होता १२५ किलो फक्त. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं, आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी किती लोण्यासारखी वळते. उताराला किंवा ओल्या रस्त्यावर तेच लोणी अंगाशी येतं.

म्हणून पाण्याची २०० लिटरची टाकी मी मागच्या पलंगाखालून काढून पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये आणली. एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशोब घराची गाडी करणारे विसरतात. प्रवासात टाकी पाव भरायची, बाकी पाणी मुक्कामाला. जड भांडी, गॅसची टाकी, मायचं धान्याचं गाठोडं, सगळं पुढं सरकवलं. जुना हूक बंपरला लावलेला होता, तो काढून टाकला. बंपर हा ओढण्याचा भाग नाही. हूक थेट चेसीच्या दोन्ही दांड्यांवर जाड प्लेटा घेऊन, बोल्टांनी आवळून बसवला, आणि मी स्वतः वेल्डर असूनही दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीकडून तपासून घेतला. आपलं काम आपल्याला नेहमी पक्कंच वाटतं.

हुकावर भार किती हवा, हे आपल्या माणसाला बैलगाडीवरून लगेच कळतं. भार मागं गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. फार पुढं गेला की बैलांच्या माना मोडतात. गोळ्याच्या हुकाला लावलेल्या ट्रेलरचं तसंच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर, म्हणजे हुकावर टेकणाऱ्या दांडीच्या टोकावर, हवा. माझा ट्रेलर रिकामा ८२० किलो, जाई ३६०, चारा-पाणी-खोगीर मिळून ६०, म्हणजे १,२४० किलो. नाकावर १२५ किलो, बरोबर दहा टक्क्यांना. हे मोजायला काही वेगळं यंत्र लागत नाही. आडतीतला धान्याचा प्लॅटफॉर्म काटा सपाट जागी ठेवायचा आणि दांडीचं टोक हुकाइतक्याच उंचीवर त्याच्यावर टेकवायचं.

नाक हलकं राहिलं तर काय होतं ते मी एकदा बघितलं आहे. जाईला चढवायच्या आधी चाचणी म्हणून सोयाबीनचे सहा कट्टे ट्रेलरमध्ये टाकले. साठ-साठ किलोचे सहा, म्हणजे तिच्याच वजनाचे. टाकायला सोपं म्हणून दाराजवळच रचले. केजहून मांजरसुंब्याकडं सरळ रस्त्यावर वेगाचा काटा साठच्या आसपास गेला आणि एक ट्रक बाजूनं निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं ट्रेलर एकदा डावीकडं झुकला, मग उजवीकडं, मग परत डावीकडं जरा जास्त. आरशात कधी त्याची एक बाजू दिसे, कधी दुसरी. बसचं शेपूटही त्याच्याबरोबर हलायला लागलं. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडं जातो आणि तिथंच घात होतो, कारण पुढची गाडी थांबते आणि मागची तिला रेटत आडवी येते. मी स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, ॲक्सिलेटर सोडला आणि डॅशबोर्डवरची ट्रेलरच्या ब्रेकची कळ हातानं हळू दाबली. मागून कुणी ओढून धरल्यासारखा ट्रेलर सरळ झाला. कडेला घेतलं तेव्हा माझा शर्ट डिसेंबरच्या थंडीत ओला होता. परत येऊन नाक तोललं, ४० किलो. कट्टे ॲक्सलच्या जरा पुढं सरकवले आणि त्याच रस्त्यावर परत नेलं, तर ट्रेलर रेघेत आला.

ती कळ म्हणजे ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकची. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर त्यात घोडा चढवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या भरून धारूरच्या घाटात उतरताना ट्रॉली ट्रॅक्टरला कशी रेटते, हे मी नऊ हंगाम पाठीवर सोसलं आहे. ट्रॉलीला ब्रेक नाही, ट्रॅक्टरचे ब्रेक गरम झालेले, आणि पंचवीस टन ऊस मागून म्हणतो चल. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुन्या ड्रायव्हरांनी शिकवलं म्हणून मी आज लिहायला आहे. माझ्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. बसचा ब्रेक दाबला की तेही लागतात. शिवाय एक बारीक केबल बसच्या चेसीला अडकवलेली असते. हूक सुटून ट्रेलर वेगळा झालाच, तर ती केबल ओढली जाते आणि ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीनं त्याचे ब्रेक आपोआप लागतात. ती बॅटरी निघायच्या आदल्या दिवशी चार्ज करायची. दोन साखळ्याही असतात, त्या दांडीखालून एकमेकींना आडव्या घालून लावायच्या. मग हूक सुटला तरी दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

मायला हे सगळं मोजमाप पटत नव्हतं. ती ओसरीवर बसून बघायची आणि म्हणायची, "कामून इतकं तोलतूस रे लेकरा? तुपल्या बापानं घोडी कधी काट्यावर चढवली नाही."

"माय, बापू घोडीवर बसून जायचे. मी तिला उभी करून ओढत नेणार हाय."

त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जाईच्या तोंडापुढं बांधायच्या जाळीत वाळलेलं गवत तिनं स्वतः भरलं.

ट्रेलर जुना घेतलेला होता, दोन घोड्यांचा. विकणाऱ्यानं नवा रंग, नवे टायर दाखवले. घरी आणून आतली रबरी चटई उचलली. खाली लाकडी फळ्या होत्या, वरून सुक्या, काळ्या. पेचकस घेऊन एकेक फळी टोचत गेलो. टक, टक, टक, आणि उजवीकडून तिसऱ्या फळीत पेचकस मुठीपर्यंत गेला. घोड्याचं मूत चटईखाली मुरतं, वर हवा लागत नाही, आणि फळी आतून भाकरीच्या चुऱ्यासारखी होते. ३६० किलोची घोडी एका खुरावर भार टाकते तेव्हा पाय खाली रस्त्यावर जायला किती वेळ लागेल? त्या रात्री मला झोप आली नाही. सगळ्या फळ्या काढल्या, बाभळीच्या नव्या बसवल्या, खालचे लोखंडी आडवे कोन घासून दोन हात रंग दिला. आता दर प्रवासानंतर चटई उचलून तळ धुवून वाळवतो. ट्रेलर बघायला येणाऱ्याला मी सगळ्यात आधी खाली वाकायला सांगतो.

आणखी एक केलं, ते सगळ्यांनी करावं. आमच्या शेतातल्या गाडीवाटेवर चुलतभावाला बस चालवायला दिली आणि मी रिकाम्या ट्रेलरमध्ये जाईच्या जागी उभा राहिलो. हात पाठीमागं बांधून, कशालाही न धरता, पाच मिनिटं, माणूस चालतो त्या वेगानं. रस्त्यावर ट्रेलरमध्ये माणसानं कधीच बसायचं नाही, घोडा धरायलासुद्धा नाही, पण रानातल्या त्या पाच मिनिटांनी माझी गाडी चालवण्याची रीत बदलली. त्यानं साधा ब्रेक लावला तर मी पुढच्या आडव्या दांडीवर आदळलो. वळणावर तो अर्धं वळण झाल्यावर सरळ झाला असं समजून रेस द्यायचा, तेव्हा माझे पाय निघायचे. घोडा तोल मानेनं आणि डोक्यानं सांभाळतो, त्यासाठी त्याला डोकं हलवायला जागा लागते, आणि त्याला वेळ लागतो. आता मी थांबायचं असलं की खूप आधी पाय काढतो. वळण पूर्ण संपून ट्रेलर सरळ रेघेत आलेला आरशात दिसेपर्यंत ॲक्सिलेटरला पाय लावत नाही.

जाईला ट्रेलर शिकवायला एकोणीस दिवस लागले. ट्रेलर बसला जोडलेला, चाकांना दगड लावलेले, चढायची मागची फळी उतरवलेली. सुटा ट्रेलर कधीच वापरायचा नाही, घोड्याच्या वजनानं त्याचं नाक वर उडतं. पहिल्या दिवशी तिनं पुढचा उजवा खूर फळीवर ठेवला, पोकळ आवाज आला, आणि ती पार हौदापर्यंत मागं गेली. लेक दोर ढिला धरून उभी राहिली. ओढलं नाही, मागून काठी दाखवली नाही. खूर ठेवायचा, काढायचा, ठेवायचा. मग दोन खूर. आठव्या दिवशी तिनं मान आत घालून जाळीतलं गवत ओढलं. बाराव्या दिवशी पूर्ण चढली, आणि आम्ही तिला लगेच उतरवलं. बांधायचा एक क्रम आहे, तो मी लेकीकडून रोज तोंडपाठ म्हणवून घेतला. चढल्यावर आधी मागची आडवी दांडी लावायची, मग तोंड बांधायचं. उतरताना आधी तोंड सोडायचं, मगच मागची दांडी काढायची. उलटं केलं आणि घोडं मागं सरलं, तर मान अडकते आणि ते जिवाच्या आकांतानं मागं झेपावतं. तोंडाचा दोर थेट कडीला बांधायचा नाही. कडीला सुतळीचा एक फास, त्यात दोर. वेळ आली तर सुतळी तुटेल, मान वाचेल.

दोन कप्प्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा असेल तर तो उजव्या कप्प्यात, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. आपला रस्ता मध्ये उंच आणि डाव्या कडेला उतरता असतो, वजन उंच बाजूला राहिलं की ट्रेलर कडेला ओढत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. ट्रेलरला स्वतःचा नंबर, स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो, बसचा त्याला चालत नाही. प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे पशुवैद्यकीय डॉक्टरांचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला बरोबर हवा. त्याच नियमांत घोड्यांसाठी न घसरणारा तळ, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको, असं सांगितलं आहे. मी ३५ पाळले. ग्लँडर्ससाठी जाईचं रक्तही आधी तपासून घेतलं. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि रोग निघाला तर जनावर मारावं लागतं. यात्रेत शेकडो घोडी एका हौदावर येतात. आपल्यामुळं दुसऱ्याचं दावण रिकामं व्हायला नको.

निघालो पहाटे साडेचारला. माय पुढच्या सीटवर, पट्टा लावून, अंगावर शाल. चालत्या गाडीत पलंगावर झोपायचं नाही हे मी तिला आधीच कबूल करवून घेतलं होतं. गॅसचा कॉक बंद. बसचा सायलेन्सर आधी मागं तोंड करून होता, त्याचा सगळा धूर जाईच्या तोंडात गेला असता, म्हणून तो बाजूला काढला होता. मागं कॅमेरा, कारण बसच्या आतल्या आरशात पलंगाशिवाय काही दिसत नाही.

अंबाजोगाईच्या अलीकडं पहिला थांबा घेतला. चाकांचे नट पान्यानं परत आवळले, प्रत्येक हबला हात लावून बघितला. कोमट असेल तर ठीक, हात ठरत नसेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. लेकीनं जाईचं तोंड मोकळं करून खाली सोडलं. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, आणि डोकं फार वेळ वर बांधून ठेवलं तर नाका-घशातली घाण खाली न पडता छातीत उतरते. लांबच्या प्रवासानंतर घोड्यांना होणारा छातीचा ताप बऱ्याचदा यातूनच येतो. म्हणून जाळी छातीच्या उंचीवर, गवत पाण्यानं ओलं केलेलं म्हणजे धूळ उडत नाही, आणि दर थांब्याला डोकं खाली. पाणी आमच्या विहिरीचंच, वीस लिटरच्या दोन जारमध्ये. परक्या पाण्याला घोडी नाक लावते आणि तोंड फिरवते, आणि तहानलेल्या घोडीचं पोट दुखायला वेळ लागत नाही.

पुढं घाटनांदूर, किनगाव, अहमदपूर असा रस्ता. हंगाम चालू, धुकं, आणि पुढं दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्यामागं मी निमूटपणे चालत राहिलो. पूर्वी मीच तसा चालायचो. गावागावांतले गतिरोधक हे सगळ्यात अवघड. बसची पुढची चाकं उतरतात, मागची उतरतात, आणि पाय आपोआप रेसवर जातो. ट्रेलर तेव्हा अजून चढतोय. मी मनात आदळे मोजायला लागलो. माझ्या ट्रेलरला दोन ॲक्सल, म्हणजे एकूण चार. चौथा आदळा बसला की मगच पाय. मायच्या हे लक्षात आलं, आणि किनगावपासून तीच मोठ्यानं मोजायला लागली, "एक... दोन... तीन... चार, चल आता."

एका गावात वळण अरुंद होतं. बस डावीकडं वळवली की तिचं शेपूट उजवीकडं बाहेर फिरतं आणि ट्रेलर मात्र डावीकडून आत कापतो. एकाच वळणात दोन्ही बाजूंना धोका. लेक खाली उतरली, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला विचारून त्याचा बाक आत घेतला, आणि हातानं दाखवत मला काढलं. त्या भल्या माणसानं नंतर चहा पाजला आणि जाईला गुळाचा खडा दिला.

माळेगावला साडेनऊच्या सुमारास पोहोचलो. देवस्वारी, म्हणजे खंडोबाची पालखी, दुसऱ्या दिवशी होती. मैदान घोड्यांनी भरत आलेलं, भंडाऱ्यानं माती पिवळी झालेली. मी चाकांना दगड लावले, लेकीनं तोंड सोडलं, मग मी मागची दांडी काढली. जाई एक पाय मागं, थांबली, दुसरा पाय मागं, थांबली, आणि फळीवरून मातीवर आली. तिनं अंग झाडलं, डोकं जमिनीपर्यंत नेलं, नाकातून दोनदा फुरफुरली आणि अर्धी बादली पाणी एका दमात प्याली. शेजारी तळ टाकलेले एक म्हातारे घोडेवाले उठून आले. काही न विचारता तिच्या चारही पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवला, सांधे दाबून बघितले.

"किती लांबून आणलीस?"

"केजहून, बाप्पा."

"पाय गार हायती, ताण न्हाई," एवढं म्हणून ते परत आपल्या घोंगडीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मायनं बसच्या पायरीवरून देवस्वारी बघितली. येळवसीचं, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाचं, आंबील आणि भज्जी तिनं ओट्यावरच केली, आणि पहिला घास बापूंच्या नावानं बाजूला काढला. तीन रात्री ती पलंगावर झोपली, खिडकीच्या बाहेर जाई बांधलेली. रात्री उठली की खिडकीतून हात काढून तिच्या कपाळावर ठेवायची.

परतीला निघायच्या आधी मी पाना घेऊन खाली बसलो. आठ नट एका बाजूचे, आठ दुसऱ्या. ट्रेलरच्या डाव्या मागच्या चाकाचा एक नट अर्धा फेरा फिरला. तो आवळून हात पुसला, साखळ्या परत एकदा ओढून बघितल्या आणि लेकीला म्हणालो, "आण तिला."